स्लोब्रो की स्लोकिंग? टीममध्ये एकच जागा असेल तर

आधी निकाल सांगतो. पोकेमॉनच्या स्कार्लेट-व्हायोलेट गेममध्ये सिंगल्स (एकावेळी एकास एक सामना) खेळत असाल आणि टीममध्ये एकच जागा मोकळी असेल, तर स्लोकिंग घ्या. स्लोब्रो घ्यायला ठोस कारण लागतं आणि ते बहुतेक टीम्सकडे नसतं. तरीही "समोर फिजिकल अटॅकर जास्त येतात, मग स्लोब्रोच बरा" एवढ्यावर निवड उरकली जाते. हे अर्धंच गणित आहे.

दोघांची कुंडली जवळपास सारखी. दोघेही स्लोपोकपासून तयार होतात, दोघांचाही टाइप वॉटर-सायकिक. एचपी ९५, अटॅक ७५, स्पेशल अटॅक १००, स्पीड ३० हे सगळं तंतोतंत जुळतं. फरक एवढाच की स्लोब्रोचा डिफेन्स (फिजिकल हल्ल्यांविरुद्ध) ११० आणि स्पेशल डिफेन्स (स्पेशल हल्ल्यांविरुद्ध) ८०, तर स्लोकिंगचं बरोब्बर उलटं. दोघांची हिडन अ‍ॅबिलिटी रीजनरेटर, म्हणजे मैदानातून बाहेर पडताना एक तृतीयांश एचपी परत. स्पर्धेत ही अ‍ॅबिलिटी नसेल तर दोघांनाही घेण्यात अर्थ नाही.

पुढचे आकडे लेव्हल १०० चे आहेत. एचपीत २५२ ईव्ही (प्रशिक्षणाने मिळणारे गुण; एका स्टॅटला फार तर २५२) दिले की दोघांचेही ३९४ एचपी होतात आणि रीजनरेटरने दर खेपेला १३१ परत येतात. हा १३१ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो.

डिफेन्सला २५२ ईव्ही आणि डिफेन्स वाढवणारं नेचर (एक स्टॅट वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) दिलेला स्लोब्रो ३५० डिफेन्स आणि १९६ स्पेशल डिफेन्सवर बसतो. त्याच्यावर जॉली नेचरच्या ग्रेट टस्क या पोकेमॉनचा हेडलॉन्ग रश हा फिजिकल वार (अटॅकला २५२ ईव्ही, आयटमची भर नाही) १३३ ते १५७ एचपी काढतो. बाहेर पडताना १३१ परत, म्हणजे निव्वळ तोटा फार तर २६. याला म्हणायची भिंत. पण त्याच स्लोब्रोवर टिमिड नेचरच्या आयर्न व्हॅलियंटचा मूनब्लास्ट हा स्पेशल वार १७८ ते २१० लागतो. दोन मूनब्लास्टमध्ये तो पडू शकतो, आणि समोर चॉइस स्पेक्स (स्पेशल अटॅक दीडपट करणारा आयटम) असेल तर विचारायलाच नको.

स्पेशल डिफेन्सला तेवढेच ईव्ही आणि तसंच नेचर दिलेल्या स्लोकिंगचं चित्र उलटं. मूनब्लास्ट १०० ते ११८, म्हणजे रीजनरेटर सगळी भरपाई करून वर काही उरवतो. हेडलॉन्ग रश मात्र २३७ ते २८०, दोन वारांत खेळ संपतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि बहुतेकांची तुलना इथेच थांबते.

खरी निवड तिसऱ्या पर्यायाशी आहे: डिफेन्सला ईव्ही दिलेला स्लोकिंग. रिलॅक्स्ड नेचर, एचपी २५२, डिफेन्स २५२, उरलेले ४ स्पेशल अटॅकमध्ये. त्याचा डिफेन्स २८४ होतो, आणि स्पेशल डिफेन्सला एकही ईव्ही न देता २५६ आयता मिळतो. आता तेच दोन वार मोजा. हेडलॉन्ग रश १६५ ते १९५, मूनब्लास्ट १३५ ते १६०. दोन्ही हेडलॉन्ग रश कमाल जोराचे बसले तरी बेरीज ३९०, म्हणजे ४ एचपी उरतात. स्पेशल डिफेन्सला ईव्ही न देता दोन्ही बाजूंचे दोन-दोन वार झेलणारा हा प्राणी स्लोब्रोच्या स्टॅट्समधून बनत नाही, कारण त्याचा कच्चा स्पेशल डिफेन्स १९६ वरच अडकतो. किंमत आहेच: प्रत्येक हेडलॉन्ग रशमागे निव्वळ ३४ ते ६४ एचपी जातात, म्हणून स्लॅक ऑफ (निम्मे एचपी परत देणारी चाल) जास्त वेळा वापरावा लागतो. नवव्या पिढीत, म्हणजे स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये, स्लॅक ऑफचे पीपी (चाल किती वेळा वापरता येते तो आकडा) ५ वर आणले आहेत, पीपी अप देऊनही ८ च. लांबलेल्या सामन्यात हे ८ जपून खर्चायचे असतात. ६०-६५ टक्के एचपी असताना उगाच स्लॅक ऑफ दाबण्यापेक्षा बाहेर पडून १३१ घेतलेले बरे.

आता चिली रिसेप्शन. खरं तर याच चालीने स्पर्धा एकतर्फी केली आहे. २०२२ मध्ये आलेली ही चाल स्लोकिंगला मिळते, स्लोब्रोला नाही. ती वापरली की पाच टर्न बर्फ पडतो आणि स्लोकिंग बाहेर पडून साथीदार आत येतो. फ्यूचर साइट या दोन टर्ननंतर लागणाऱ्या सायकिक वाराबरोबर तिचा मेळ असा बसतो: पहिल्या टर्नला फ्यूचर साइट. दुसऱ्या टर्नला चिली रिसेप्शन; स्लोकिंग सगळ्यात मंद असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा वार तो स्वतः खातो, मग बाहेर पडतो, आणि साथीदार ओरखडाही न लागता मैदानात येतो. तिसऱ्या टर्नला साथीदाराचा हल्ला, आणि टर्नच्या शेवटी फ्यूचर साइटचा दणका. एकाच टर्नमध्ये दोन वेगळ्या टाइपचे वार झेलू शकेल असा पोकेमॉन प्रतिस्पर्ध्याला शोधावा लागतो.

फ्यूचर साइटची ताकद १२० आहे. वरच्या सेटमधून, स्पेशल अटॅकमध्ये फक्त ४ ईव्ही असताना, ग्रेट टस्कवर ती ४३२ ते ५१० लागते. एचपीला ईव्ही न दिलेल्या टस्कचे एचपी ३७१, पूर्ण दिलेल्याचे ४३४. टॉक्सापेक्स आणि क्लॉडसायर या हटवादी भिंतींनाही सायकिक जड जातं, त्यामुळे त्या दोघी फ्यूचर साइट लागण्याच्या टर्नला सुखाने थांबू शकत नाहीत. स्लोब्रोसुद्धा फ्यूचर साइट शिकतो, पण साथीदाराला साध्या स्विचने आणावं लागतं आणि दुसऱ्या टर्नचा वार त्या साथीदाराच्या अंगावर जातो. नाजूक अटॅकर असेल तर सगळा डाव तिथेच फसतो.

साथीदार निवडताना डार्क आणि स्टील डोळ्यांसमोर ठेवा. डार्कवर सायकिक लागतच नाही, म्हणून समोरचा डार्क-स्टील किंगॅम्बिट बिनधास्त आत येतो. स्टीलवर अर्धंच लागतं. फायटिंगचा जोरदार वार या दोघांचा समाचार घेतो, पण स्टील घोलडेंगो घोस्टही असल्याने तिथे फायटिंग निकामी. म्हणून आपल्या बाजूने ग्रेट टस्क सगळ्यात छान बसतो: किंगॅम्बिटला क्लोज कॉम्बॅट, घोलडेंगोला हेडलॉन्ग रश.

काय चुकतं तेही पाहा. टॉन्ट (हल्ला नसलेल्या चाली रोखणारी चाल) बसला की चिली रिसेप्शन आणि स्लॅक ऑफ दोन्ही बंद. टीम पावसावर किंवा उन्हावर चालत असेल तर हा बर्फ आपलंच हवामान पुसून टाकतो. समोरच्याचं ऊन-पाऊस घालवायला मात्र हीच गोष्ट कामी येते. समोर क्युरेम असेल तर आपल्या बर्फाने त्याचा डिफेन्स दीडपट होतो, आणि अलोलन नाइनटेल्स असेल तर ऑरोरा व्हेल या बर्फातच चालणाऱ्या बचावाच्या चालीची सोय आपणच करून देतो. सगळ्यात मोठा शत्रू नॉक ऑफ, हातातला आयटम पाडणारी डार्क चाल. वरच्याच ग्रेट टस्कचा पहिला नॉक ऑफ या स्लोकिंगवर १७८ ते २१० लागतो आणि हेवी-ड्यूटी बूट्स (स्टेल्थ रॉकसारख्या सापळ्यांपासून वाचवणारा आयटम) काढून घेतो. त्यानंतर प्रत्येक प्रवेशाला स्टेल्थ रॉक ४९ एचपी कापतो, म्हणजे १३१ पैकी मोठा हिस्सा दारातच गेला. टेरा (सामन्यात एकदा टाइप बदलण्याची सोय) फेअरी ठेवली तर डार्कचा वार कमजोर पडतो, पण बूट्स तरीही जातात.

मग स्लोब्रो कधी? टीममध्ये स्पेशल हल्ले झेलणारा दुसरा भक्कम पोकेमॉन असेल आणि फिजिकल बाजू एकट्याने सांभाळायची असेल तेव्हा. किंवा आयर्न डिफेन्स आणि बॉडी प्रेस चालवायचं असेल तेव्हा: एका आयर्न डिफेन्सने ३५० चा डिफेन्स ७०० होतो आणि बॉडी प्रेसचा वार त्याच आकड्यावर मोजला जातो. शेवटच्या दोन-तीन पोकेमॉनपर्यंत सामना नेऊन हा स्लोब्रो एकहाती जिंकू शकतो, तिथे स्लोकिंगशी तुलनाच नाही. गॅलरियन स्लोकिंगला या वादात ओढू नका; तो पॉइझन-सायकिक आहे आणि त्याचं काम वेगळं.

प्रत्यक्ष गेममध्ये तयार करताना एक सापळा आहे. स्लोपोक लेव्हल ३७ ला आपोआप स्लोब्रो होतो आणि तिथून स्लोकिंगकडे वाट नाही. म्हणून इव्होल्यूशन सुरू झालं की बी दाबून थांबवा, किंग्ज रॉक हातात द्या आणि ट्रेड करा. रीजनरेटर आधीच नसेल तर अ‍ॅबिलिटी पॅच लागतो. स्पीडचा आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१) ० हवा, कारण रिलॅक्स्ड नेचरसह स्पीड ५८ वर येतो आणि समोरच्या, स्पीड न घटवलेल्या स्लोकिंगच्याही नंतर आपली चाल पडते. हायपर ट्रेनिंग आयव्हीचा परिणाम वर नेतं, खाली आणत नाही, त्यामुळे कमी स्पीडचा स्लोपोक पकडताना किंवा ब्रीडिंग करतानाच निवडून घ्यावा लागतो. पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर हे सगळं फुकट आणि दोन मिनिटांत होतं. कार्ट्रिजवर मेहनत करण्याआधी दोन्ही सेट तिथे चालवून पाहा.