ट्युबाच्या सैल तोंडाला पितळी बुश: आठ महिने वाजवल्यानंतर

आमच्या बँडात बास वाजवणारा मी एकटाच. दोन वर्षांपूर्वी जुना बी-फ्लॅट ट्युबा (खालचे सूर देणारा मोठा पितळी बाजा) घेतला, बेलवरचं, म्हणजे भोंग्यावरचं, नाव पार घासून गेलेलं. आवाज दणदणीत, पण माउथपीस लावलं की डुगडुगायचं. 18 फूट नळी ठणठणीत आणि दुखणं पहिल्या इंचात!

माउथपीसची बाजात घुसणारी निमुळती दांडी म्हणजे शँक. माझं माउथपीस साध्या अमेरिकन शँकचं, टोकाला साधारण 13.2 मिमी. मित्राकडून 14 मिमीची युरोपियन शँक आणून पाहिली, तीही सैल. त्याहून जाड कैसर शँकही असते, पण सांगलीत ती कुठे शोधणार?

आधी टेफ्लॉन टेप. चार वेढ्यांत घट्ट वाटतं, पण मेच्या उन्हात दुसऱ्या वरातीपर्यंत टेप सरकून त्याचा बोळा झाला. कागदाची पट्टी तर थुंकीनेच भिजली. मग व्यास मोजायला व्हर्निअर घेऊन बसलो.

शँकचा उतार 1:20, म्हणजे 20 मिमी लांबीत व्यास 1 मिमीने बदलतो. शँक साधारण 25 मिमी आत बसावी; तिथे माझ्या शँकचा व्यास 14.45 आणि रिसीव्हरचं, म्हणजे शँक जिच्यात बसते त्या बाजाच्या नळीचं, तोंड 15.85. फरक 1.4 मिमी. घट्ट बसायला माउथपीस आणखी 28 मिमी आत जायला हवं, तेवढी जागाच नाही. ते आत नळीच्या काठावर टेकतं, बाजूने मोकळंच राहतं. हवा गळते, सूर जागेवर बसत नाही.

मधली पोकळी भरणारी पातळ पितळी नळी, म्हणजे बुश, करून घ्यायला ट्युबा मांडीवर घेऊन रिक्षाने कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्या काकांकडे गेलो. काका म्हणाले, "ह्ये काय बोअरिंगच्या पाइपचं काम हाय व्हय?" पण हिशेब सांगताच लेथची तिरपी लावता येणारी कंपाउंड स्लाइड 1.43 अंशांवर (1:20 उताराच्या अर्ध्या कोनावर) लावली. बुशाची भिंत फक्त 0.7 मिमीची, त्यामुळे पहिला बुश लेथच्या चकमध्येच (पकडीत) चेपला. दुसऱ्या वेळी आधी आतला उतार घेतला, मग त्याच उताराच्या मँड्रेलवर (आतून आधार देणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरून कातला. तो जमला.

बुश मुद्दाम किंचित जाड ठेवला होता. व्यास 0.05 मिमीने कमी केला की माउथपीस 1 मिमी आत जातं; म्हणून घरी बारीक पॉलिश पेपरने घासत, वाजवत, पुन्हा घासत तीन संध्याकाळी काढल्या. शँकचं टोक आणि आतली नळी यांत 3 मिमी फट राहिली तेव्हा मधला फा सरळ लागला. तिथेच थांबलो. माझ्या बाजाला 3 लागली, तुमच्याला वेगळी लागेल.

संस्थानच्या गणपतीच्या मिरवणुकीत सरकारी घाटापर्यंत वाजवलं, पुढे अख्खी लग्नसराई. एकदाही हललं नाही. खालचे सूर भरीव झाले असं बँडमास्तर म्हणतात. मला विचाराल तर दम कमी लागतो, हा खरा फायदा.

कुरकुर दोनच. माउथपीस काढलं की बुश कधीकधी आतच राहतो. मी तो माउथपीसला झाळला नाही, कारण हेच माउथपीस दुसऱ्या बाजालाही लागतं. आणि पावसाळ्यात तो कळकून असा चिकटला की अडकलेलं ओढून काढायचा पुलर शोधत फिरावं लागलं. हातोडी मारू नका, आतली नळीच वाकेल. आता दर रविवारी पुसून ग्रीसचं बोट फिरवतो.

खर्च 600 रुपये. चेपलेल्या बुशाचे काकांनी घेतले नाहीत.