वीजबाजारावरचा वीकेंड कोर्स, कर्वे रोड – पैसे वसूल, पण एसी सोडून

चाकणच्या कंपनीत वीज खरेदी बघतो म्हणून हा कोर्स केला. पहिलं सेशन ठीकठाक, पीपीटी वाचून दाखवली बास. पण पवनऊर्जेचं सेशन एक नंबर!! सर म्हणाले पवनचक्कीला इंधनाचा खर्च नाही, त्यामुळे ती वीज एक्सचेंजवर (म्हणजे बोली लावून वीज विकायच्या-घ्यायच्या बाजारात) अगदी कमी भावात विकायला येते आणि महागडे थर्मल प्लांट स्वस्त-ते-महाग अशा रांगेतनं बाहेर पडतात, मग त्या वेळेचा भावच खाली येतो. दिवसाचे 15 मिनिटांचे 96 ब्लॉक, प्रत्येकाचा रेट वेगळा, हे स्क्रीनवर लाईव्ह दाखवलं ते भारी वाटलं.

आपल्याकडे साताऱ्याच्या पठारावर वारा मेन म्हणजे जून ते सप्टेंबर. पण तेव्हा पाऊस असतो, शेतीपंप आणि एसी बंद, धरणांची वीजही असते, मग भाव उतरला तर सगळं क्रेडिट वाऱ्याला कसं द्यायचं? मी विचारलं तर सरांनी टाळलं नाही, नीट वेगळं करून सांगितलं. वारा अंदाजापेक्षा कमी पडला की ऐनवेळी वीज रिअल टाइम मार्केटमधून घ्यावी लागते, ते मार्केट 2020 च्या जूनमध्ये सुरू झालं. जर्मनीत तर जास्त वारा असला की भाव शून्याखाली जातो म्हणे, आपल्याकडे शून्याच्या खाली सोयच नाही 😄

एसी बंद, चहा पाणचट, पार्किंग देवाच्या भरवशावर. नोट्स पीडीएफमध्ये मिळतात. एक्सेल येत नसेल तर जाऊ नका. 4 स्टार.