व्हिडिओ कॉलवरची फिजिओथेरपी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी अकोले तालुक्यात राजूरच्या पलीकडच्या एका वाडीत आशा म्हणून काम करते. माझी स्वतःची कंबर सहा वर्षांपासून दुखते. नोव्हेंबरपासून मी आणि वाडीतल्या चौघी जणी दर गुरुवारी दुपारी समाजमंदिरात जमतो आणि नाशिकच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडून व्हिडिओ कॉलवर व्यायाम शिकतो. आपल्या गावात असं काही सुरू करायचा कुणाचा विचार असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फिजिओथेरपी म्हणजे संगमनेर. सकाळची एसटी धरायची, घरी यायला दिवेलागण. २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं झालं, पण बुडालेला रोज कोण देणार? तिथे सांगायचे, आठवड्यातून तीनदा या. दोन खेपा झाल्या की तिसरी कुणाकडून होत नसे. मग गोळी. आमच्यातली एक मावशी दोन वर्षं जवळजवळ रोज डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घेत होती. पोटाला आणि किडनीला त्याने अपाय होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमची सुरुवात फोनवर झाली नाही, आणि ते फार बरं झालं. ताई पहिल्यांदा स्वतः वाडीत आल्या. एकेकीच्या पायातली ताकद, बधिरपणा, गुडघा कुठवर वाकतो ते हाताने तपासलं. मला एक कागद लिहून दिला: लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातला जोर जायला लागला, दुखण्यासोबत ताप येतो किंवा वजन उतरतंय, तर व्यायाम बंद आणि थेट दवाखाना. तो कागद माझ्या डायरीत चिकटवलेला आहे. एकीचं दुखणं रात्री झोपेतून उठवायचं. तिला रक्ताची तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय ताईंनी एकही व्यायाम दिला नाही.

पहिला महिना रेंजने खाल्ला. बोलता बोलता चित्र गोठायचं. शेवटी उगवतीच्या खिडकीपाशी बरी रेंज मिळते असं कळलं. आता ताई व्यायामाचे छोटे व्हिडिओ आधीच पाठवतात, मी बाजारच्या दिवशी राजूरला ते उतरवून घेते. गुरुवारी चित्र गेलं तर साधा कॉल चालू ठेवतो. ताई आकडे मोजतात, मी बघते आणि कुणाचं काय चुकतंय ते सांगते. फोन सुपाला टेकवून आडवा ठेवायचा, गुडघ्याच्या उंचीवर, एका बाजूने. लुगडं वर खोचल्याशिवाय गुडघा दिसत नाही, म्हणून दार लावून घ्यायचं आणि पोरांना बाहेर काढायचं. एवढं साधं जमेपर्यंत बायका नीट मोकळ्या झाल्या नाहीत.

ताईंनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" सगळ्यांचं उत्तर एकच, "लई." मग त्यांनी आकडा सोडला आणि कसं दुखतं ते विचारलं. तेव्हा बायका बोलत्या झाल्या. कुणाचं ठणकतं, कुणाला कळ लागते, कुणाला मुंग्या येतात. सकाळी आखडलेलं अंग चार पावलं चाललं की सुटणं वेगळं आणि कमरेतून निघालेली चमक घोट्यापर्यंत जाणं वेगळं, हे ताईंना त्या शब्दांवरूनच उलगडलं. मोजमापही आमचंच ठरलं: विहिरीवरून भरला हंडा आणताना किती वेळा टेकावं लागतं? शिवाय हात न लावता तीस सेकंदांत किती वेळा खुर्चीवरून उठता येतं. माझे नोव्हेंबरात ७ झाले होते, आता १३ होतात.

व्यायाम मोजकेच आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, उताणं झोपून कंबर उचलायची, ओट्यावरून उठ-बस. पायाला ताण द्यायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी.

पण खरा बदल झाला तो भीतीत. रोज गोळी घेणाऱ्या त्याच मावशीला आठ वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, "मणक्यात गॅप आहे, वाकू नका, ओझं उचलू नका." वाकल्याशिवाय तिची चूलसुद्धा पेटत नाही. ती रोज वाकायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, मणका आता निखळतो. तिने पेटीमागची एक्स-रेची पिशवी आणली. ताई म्हणाल्या, खिडकीच्या उजेडाला धरा. त्यांनी सांगितलं, "मावशी, गॅप म्हणजे भेग नाही. वयानुसार चकती झिजते. ज्यांचं काही दुखत नाही त्यांच्याही फोटोत ती झीज दिसते." त्या दिवशी मावशीने भिंतीला न धरता खाली वाकून पाण्याची बाटली उचलली. तिचे डोळे भरून आले होते.

आवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, मात्र घडी विस्कटली. सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करायला, दुसऱ्याच्या खाचरात गेल्यावर मधेच कंबर सरळ करायला उभं राहणं बाईला कमीपणाचं वाटतं. दोघींनी व्यायाम सोडले, दुखणं वाढलं. ताई रागावल्या नाहीत. झोपण्याआधीचे दोनच व्यायाम ठेवले आणि सुचवलं, साधारण वीस मिनिटांनी सगळ्यांनीच एकदम उभं राहा. ते जमलं.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३९४ जणांवरचा अभ्यास आला. जुनाट गुडघेदुखीत व्हिडिओवरची फिजिओथेरपी समोरासमोरच्या उपचाराइतकीच उपयोगी ठरली. ताईंनी सांगितलं तेव्हा आम्हाला धीर आला. पण इथे फोन धरणारं, शब्द पोचवणारं माणूस जागेवर हवं, आणि त्या माणसाच्या वेळेचे पैसे आधी धरायला हवेत. माझे गुरुवार कुणाच्या हिशेबात नाहीत. नेटचा खर्चही आम्हीच वर्गणी काढून करतो.

एकीला काहीच फायदा झाला नाही. तिचा खांदा जखडलाय, त्याला हात लावून हलवणारं कुणीतरी लागतं, हे तीन महिन्यांनी कळलं. ते आधी ओळखायला हवं होतं. आता ताई दर तीन महिन्यांनी एकदा वाडीत येणार आहेत. पहिली खेप दसऱ्यानंतर, आणि सगळ्यात आधी तपासणी तिचीच.