रिट कुठे करावी : ३२ की २२६?

मूलभूत हक्कावर गदा आली की रिट (न्यायालयाने सरकारला वा अधिकाऱ्याला द्यायचा आदेश) मागायला दोन वाटा असतात : राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय किंवा २२६ खाली उच्च न्यायालय. रिटचे पाचही प्रकार दोन्हीकडे मिळतात. कागदावर ३२ चं वजन जास्त, कारण तो स्वतःच मूलभूत हक्क आहे. आधी उच्च न्यायालयात जायलाच हवं अशी सक्तीही नाही. १९५० च्या रोमेश थापर निकालात ते स्पष्ट झालं.

तरीही एकट्यादुकट्याचं गाऱ्हाणं ३२ खाली नेलं की बहुधा एका वाक्यात परत येतं : ‘आधी उच्च न्यायालयात जा.’ खटकतं ते हेच. तोवर ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड (सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करू शकणारा नोंदणीकृत वकील) नेमलेला असतो, मराठी जोडपत्रांची इंग्रजी भाषांतरं झालेली असतात आणि मूळ आदेश जुना होत चाललेला असतो. रिटला ठरीव मुदत नाही हे खरं, पण विलंबाचा आक्षेप दोन्ही न्यायालयांत निघतो. याचिका मागे घेताना ‘उच्च न्यायालयात जाण्याची मुभा’ हे शब्द आदेशात येतील एवढं वकिलाकडून पाहून घ्या. नुसतं ‘फेटाळली’ राहिलं तर पुढे समोरचा वकील आधी त्याच कागदावर बोट ठेवतो.

२२६ चा पसाराही मोठा. तिथे मूलभूत हक्कच हवा असं नाही, साधा कायदेशीर हक्कही चालतो. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, अनुच्छेद ३००अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून गेला. म्हणून मोबदल्याविना जमीन घेतली आणि हाती फक्त ३००अ असेल, तर ३२ चा उपयोग नाही.

अर्थात २२६ विवेकाधीन आहे, म्हणजे दाद द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं. अपिलाची सोय असेल तर ‘आधी तिकडे जा’ हे इथेही ऐकावं लागतं. मूलभूत हक्काचा भंग, बाजू न ऐकता दिलेला आदेश, अधिकारक्षेत्राचा अभाव किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल तर ती आडकाठी सहसा येत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा व्हर्लपूल निकाल, १९९८). हा मुद्दा याचिकेत सुरुवातीलाच घ्यावा. परमादेश (अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारी रिट) हवा असेल तर आधी लेखी मागणी करून तिची पोच जोडावी. पोच नसली की प्रकरण तिथेच अडतं.

उच्च न्यायालयात हरलात तर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारी) उरते. मात्र गुणदोषांवर निकाल लागल्यावर तेच प्रकरण ३२ खाली नव्याने नेता येत नाही (दर्याव निकाल, १९६१). बंदी प्रत्यक्षीकरणाला (बेकायदा डांबलेल्याला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या रिटला) हा अडसर नाही.

एकाच वक्तव्यावरून तीन-चार राज्यांत गुन्हे नोंदले गेले असतील आणि ते एकत्र करून हवे असतील, तर मात्र ३२ च धरावा. एका उच्च न्यायालयाचा हात दुसऱ्या राज्याच्या तपासापर्यंत सहसा पोचत नाही.