चेन स्लिंगला हुक कुठला: लॅचवाला की सेल्फ-लॉकिंग?

चेन स्लिंग, म्हणजे क्रेनला लावून माल उचलायची हुकवाली साखळी, ग्रेड ८० चं घ्यावं की १०० चं (ग्रेड म्हणजे साखळीच्या पोलादाची ताकद), यावर खरेदीच्या वेळी भरपूर चर्चा होते. हुकाचा विषय मात्र 'जो येतो तो लावून द्या' म्हणून दोन मिनिटांत उरकतात. मला हे उलटं वाटतं. १० मिलिमीटरची एक साखळी ग्रेड ८० मध्ये ३.१५ टन उचलते, ग्रेड १०० मध्ये ४ टन. तक्ता बघायचा, आपल्या मालाचं वजन बघायचं, संपलं. हुकाला मात्र खलाशाचा, म्हणजे माल अडकवणाऱ्या माणसाचा, हात दर उचलीला दोनदा लागतो, अडकवताना आणि सोडवताना. पुढची सगळी कटकट किंवा आराम तिथेच ठरतो.

लॅचवाल्या हुकाचं तोंड स्प्रिंगच्या पट्टीने बंद होतं; सेल्फ-लॉकिंगचा जबडा ताण आला की स्वतः मिटतो आणि खटक्याने अडकतो. दोन्ही प्रकार आमच्या शॉपमध्ये वापरून झालेत. प्लेटा, मशीनचे बेड, वेल्डिंग केलेले फ्रेम, असा सगळा मिश्र माल असतो. आज बहुतेक स्लिंगांना सेल्फ-लॉकिंग हुक आहेत, पण सगळ्यांना नाहीत, आणि ते मुद्दाम. म्हणून लॅचवाल्याची बाजू आधी मांडतो.

लॅचवाल्या हुकाचं टोक निमुळतं असतं. लहान आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट), प्लेटला पाडलेलं भोक, जुन्या मशीनवरची अरुंद कडी, अशा ठिकाणी तो सहज जातो. तिथे सेल्फ-लॉकिंगचं जाड टोक बाहेरच अडतं. लॅचवाला एका हाताने अडकतो: टोक भोकात घालून हुक दाबला की लॅच आत जातं आणि स्प्रिंगने परत बंद होतं. काढतानाही अंगठा पुरतो. वजनाने हलका असल्यामुळे दिवसभर वर हात करून काम करणाऱ्याला संध्याकाळी फरक जाणवतो. सिमेंट, वाळू, ग्राइंडिंगचा चुरा, याचं त्याला फारसं काही वाटत नाही, कारण आत अडकण्यासारखं काही नाहीच. लॅच मोडलं तर लॅच, स्प्रिंग आणि पिन एवढा किट आणून कुणीही बसवू शकतो. शिवाय किंमत कमी. कागदावर बघितलं तर सेल्फ-लॉकिंग घ्यायचं कारणच दिसत नाही.

अडचण आहे ती त्या लॅचचीच.

लॅच म्हणजे दाबून घडवलेली पत्र्याची पट्टी. दोन बाजूंना दोन कान, त्यांतून गेलेली पिन, आत एक छोटी स्प्रिंग. चांगल्या हुकांना ओतीव किंवा फोर्ज केलेलं लॅच येतं, ते जास्त टिकतं, पण बाजारात जास्त दिसतं ते पत्र्याचंच. माल उचलताना लॅचवर भार यायचाच नसतो. साखळी ढिली पडली की कडी हुकाबाहेर येऊ नये, एवढंच त्याचं काम. प्रत्यक्षात त्याला मार बसतो तो उचलताना नाही, ठेवताना. चार लेगचं, म्हणजे एका कडीतून हुकवाल्या चार साखळ्या लोंबणारं, स्लिंग क्रेनने खाली सोडलं की हुक एकमेकांवर आपटत पडतात, वरून साखळीचा ढीग. मग कुणीतरी एक लेग धरून ओढतो आणि तिसऱ्याच हुकाचं लॅच चौथ्याच्या कडीखाली तिरपं दाबलं जातं. कान जरासे फाकतात. एवढंच पुरतं. लॅचचं टोक हुकाच्या टोकाला आतून टेकायला हवं, ते आता बाजूने सरकून बाहेर येऊन बसतं. बोटाने हलवलं तर स्प्रिंग छान काम करतेय असं वाटतं, पण आतून कडीने जरा रेटा दिला की लॅच बाहेर उघडतं. म्हणजे लॅच आहे, आणि नाहीही.

पुढे काय होतं ते या कामातल्या कुणालाही माहीत असेल. आधी कुणीतरी हातोडीने दोन ठोके देऊन ते सरळ करतं. मग ते घट्ट होतं, उघडताना त्रास देतं, म्हणून बाइंडिंग वायरने मागे बांधून ठेवलं जातं. काही दिवसांनी ते गळून जातं आणि 'हुक तर धडधाकट आहे ना' म्हणत काम चालू राहतं. तपासणीच्या दिवशी हुकाचं तोंड मोजावं तर बरोबर, झीज नाही, पीळ नाही, शिक्का स्वच्छ वाचता येतो, आणि तरी अख्खं स्लिंग लाल टॅग लावून बाजूला, का तर पत्र्याचा तुकडा वाकलाय. किट स्टोअरमध्ये असला तर ठीक, नसला तर चार लेगचं स्लिंग दुपारभर भिंतीला टेकून. इतर गोष्टी मी चालवून घेतल्या असत्या. हे मात्र थांबतच नाही. लॅच बदला, नवं बसवा, स्लिंग ठेवायला स्टँड करा, स्टँडवर ठेवायची शिस्त लावा. कमी होतं, पण थांबत नाही.

त्याच लॅचचा आणखी एक भाग. चारपैकी दोनच लेग वापरायचे असले तर उरलेले दोन मास्टर लिंकला, म्हणजे स्लिंगच्या वरच्या मोठ्या कडीला, अडकवून ठेवावेत, हा नियम. घाईत ते लोंबत राहतात. लॅच बाहेरच्या कुठल्याही रेट्याने आत जातं, मग तो रेटा आय बोल्टचा असो की शेजारच्या फ्रेमच्या कडेचा. लोंबता हुक जाता जाता भलत्यालाच अडकतो आणि क्रेन पुढे चाललेली असते. सेल्फ-लॉकिंग हुक बंद करून सोडला असेल तर असा अडकत नाही, कारण मागचा खटका दाबल्याशिवाय तो उघडतच नाही.

आता सेल्फ-लॉकिंगचं. जबडा उघडा ठेवून कडीत घालायचा. साखळी ताणली की तो स्वतःच मिटतो आणि खटका बसतो. भार असेपर्यंत उघडत नाही. मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र माहितीपत्रकात सहसा मोठ्या अक्षरांत नसते: हुक नीट बसला की नाही ते लांबून कळतं. लॅचवाल्या हुकाच्या टोकावर कडी अर्धवट टेकलेली असली तर खालून, दहा फुटांवरून, ते बरोबर अडकवल्यासारखंच दिसतं. सेल्फ-लॉकिंगमध्ये कडी टोकावर राहिली तर जबडा उघडाच दिसतो. साखळी ताठ झाली आणि तोंड उघडं आहे, म्हणजे थांबा. हे सिग्नल देणाऱ्यालाही दिसतं आणि क्रेनवाल्यालाही.

त्याचे त्रास नाहीत असं नाही. जाड हातमोजे घातले की खटका अंगठ्याला नीट सापडत नाही. मोठ्या मापात दोन्ही हात लागतात. जबडा मिटताना बोट मध्ये राहू शकतं, आणि नव्या माणसाला हे पहिल्या दिवशीच दाखवावं लागतं. साखळीत थोडा जरी ताण उरला असेल तर हुक उघडत नाही. क्रेन अजून थोडी खाली घ्या म्हणण्याऐवजी लोक खटक्यावर हातोडी मारतात, आणि खटका बिघडतो तो बहुतेक असाच. ज्या पिनेवर जबडा फिरतो तिथे बारीक वाळू गेली की तो कुरकुरतो. मिटल्यावर टोकाशी किती फट चालते, हे प्रत्येक कंपनी आपापल्या तक्त्यात देते. ती फट वाढत गेली की खटक्याचा संच बदलायचा. तरी वाढलेलीच असेल तर हुक बाद. म्हणजे देखभाल इथेही आहेच. फरक इतकाच वाटतो की आमच्याकडे हे हुक तपासणीत अडकतात ते झिजल्यावर, ठेवताना आपटले म्हणून नाही. हा आमच्या शॉपचा अनुभव. तुमच्याकडे स्लिंग शिस्तीने ठेवणारी माणसं असतील तर चित्र वेगळं असू शकतं.

ताकदीच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं काही नाही. युरोपीय मानकात ग्रेड ८ च्या (म्हणजेच ग्रेड ८० च्या) लॅचवाल्या हुकांना ईएन १६७७ चा भाग २ लागू होतो आणि सेल्फ-लॉकिंगला भाग ३. तोंड फाकणं, झीज, पीळ यांची तपासणी दोघांनाही सारखीच. अमेरिकी एएसएमई बी३०.१० प्रमाणे तोंड मूळ मापापेक्षा ५ टक्के, किंवा फार तर ६ मिलिमीटर, वाढलं की हुक बाद. मूळ जाडीच्या १० टक्क्यांहून जास्त झीज झाली तरी बाद. तापवून सरळ करणं किंवा वेल्डिंग करणं, याचा विचारही नको. आणि हुक कुठलाही असला तरी त्याचं तोंड मालाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे साखळी ढिली पडली तरी कडी टोकाकडे येत नाही.

बाकीच्या हुकांचं थोडक्यात. फौंड्री हुकाचं तोंड रुंद असतं आणि त्याला लॅच नसतं; ओतकामाच्या मालाला तो लागतोच, बाकी ठिकाणी केवळ 'पटकन अडकतो' म्हणून घेऊ नये. ग्रॅब हुक साखळीतली एक कडी पकडून लेग आखूड करायला. घ्यायचा असेल तर ज्याला कडी टेकायला बाजूंना आधार आहे असाच घ्या, म्हणजे साखळीची क्षमता घटवावी लागत नाही. ट्रेलरवर माल बांधायला, साखळी ताणून घट्ट करणाऱ्या लोड बाइंडरबरोबर, ग्रॅब हुकच बरा, पण रस्त्यावर माल बसतो, साखळी ढिली पडते आणि साधा ग्रॅब हुक कडीवरून निसटू शकतो. लांबच्या प्रवासाला खिटी किंवा लॅच असलेला ग्रॅब हुक घेतलेला चांगला. तिथे सेल्फ-लॉकिंगचा आग्रह मी धरणार नाही.

क्लेव्हिस की आय (हुकाचं वरचं टोक पिनेचं की गोल भोकाचं), याबद्दल माझं मत सौम्य आहे. क्लेव्हिसला साखळी थेट पिनेने जोडली जाते, जोडकडी वाचते, आणि चुकीच्या मापाची साखळी त्यात बसतच नाही. म्हणून क्लेव्हिस.

तर मिश्र माल, अनेक हात आणि स्लिंग जमिनीवर पडणारच असं शॉप असेल, तर दोन आणि चार लेगच्या स्लिंगांना सेल्फ-लॉकिंग घ्यावेत असं मी म्हणेन. अरुंद कड्यांसाठी दोन लेगचं एक स्लिंग लॅचवालं ठेवा, शक्यतो फोर्ज केलेल्या लॅचचं. आमच्याकडेही ते आहे. ऑर्डर देण्याआधी एक काम करा: रोज उचलता त्या मालाच्या सगळ्यांत लहान कडीचं आतलं माप घ्या आणि हुकाच्या ड्रॉइंगमधल्या टोकाच्या जाडीशी ताडून बघा. टोक कडीत जात असेल तर प्रश्नच नाही. जात नसेल तर योग्य मापाचं शॅकल (पिनेने बंद होणारी यू आकाराची कडी) मध्ये घालून काम होतं, फक्त ते शॅकल कुठून आणायचं आणि कुणाच्या ताब्यात ठेवायचं, हे ऑर्डरबरोबरच ठरवून टाका.