घर, आगर आणि कातळावरची बाग : वाय-फाय, झिगबी, ब्लूटूथ की लोरा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे बागायतदार आणि होमस्टेवाले मला साधारण एकच प्रश्न विचारतात. घर खाली, विहीर पऱ्ह्याच्या काठाला, कलमं वर कातळावर. पंप चालू आहे का, टाकी भरली का, मातीत ओल किती, हे घरबसल्या मोबाइलवर कळायला हवं. मग कोणती वायरलेस जोडणी घ्यायची? दुकानात चार नावं पुढे येतात: वाय-फाय, झिगबी (छोट्या उपकरणांचं कमी विजेचं जाळं), ब्लूटूथ आणि लोरा (छोटे निरोप संथपणे, पण लांबवर पाठवणारी रेडिओ जोडणी). पाकिटावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. आपल्याकडे मधे कलमं, गडगे आणि चिऱ्याच्या भिंती आहेत, आणि चार महिने हे सगळं भिजलेलं असतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'पावसाने रेंज जाते' असं सगळेच म्हणतात. पण 2.4 गिगाहर्ट्झला, म्हणजे वाय-फाय, झिगबी आणि ब्लूटूथ ज्या लहरींवर चालतात त्यांना, पडणाऱ्या पावसाचा त्रास जवळजवळ नसतो. कोसळणाऱ्या सरीतही किलोमीटरमागे एक डेसिबलसुद्धा (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या घटी-वाढीचं माप) कमी होत नाही. लहरी खातं ते ओलं पान आणि पाणी प्यायलेला चिरा. म्हणून मे महिन्यात ठणठणीत चाललेली जोडणी आषाढात मुकी होते. माझी पहिली झिगबीची जोडणी अशीच गेली. पाऊस थांबल्यावरही ती परत येईना, पानं वाळली तेव्हा आली. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या चाचणीवर मी कुणालाही खरेदी करायला सांगत नाही.

फक्त घराचा विचार असेल तर वाय-फाय घ्या. पडवी, माडीवरच्या खोल्या, अंगणातली टाकी, म्हणजे जिथे राउटर पोचतो आणि वीज आहे तिथे ईएसपी32 सारखा स्वस्त बोर्ड पुरतो. वेगळा गेटवे, म्हणजे निरोप गोळा करून इंटरनेटवर टाकणारा डबा, लागत नाही. अडचण बॅटरीची. पाठवताना हा बोर्ड क्षणभर 240 मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढतो. त्याहून वाईट म्हणजे वीज गेली की राउटर बंद, आणि बोर्ड बिचारा राउटर शोधत बॅटरी संपवतो. 'तीनदा प्रयत्न, नाहीतर अर्धा तास झोप' अशी अट प्रोग्रॅममध्ये घालाच. 2020 च्या निसर्ग वादळानंतर किती दिवस अंधार होता ते रायगड-दापोलीकडच्यांना सांगायला नको.

झिगबीचं बळ जाळ्यात आहे. एक उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे नेतं, त्यामुळे दहा-बारा खोल्यांचा होमस्टे, दिवे, पंखे, दाराचे सेन्सर असं दाट काम ते छान करतं. पण निरोप पुढे नेणाऱ्याला सतत जागं राहावं लागतं. सीसी2530 ही जुनी, भरवशाची चिप नुसतं ऐकायलाच 24 मिलिअँपिअर घेते, म्हणजे दिवसाला 576 मिलिअँपिअर-तास. 2500 मिलिअँपिअर-तासाच्या सेलवर चार-साडेचार दिवस. वीज नसलेल्या बागेत हे जाळं उभं राहत नाही. घरात लावाल तेव्हा चॅनेल बघून घ्या. वाय-फाय 11 वर असेल तर झिगबी 25 वर टाका, दोघांची टक्कर टळते.

ब्लूटूथ लो एनर्जी मी दूरच्या निरोपासाठी सुचवत नाही. राखणदार फेरी मारताना सेन्सरच्या डब्याजवळ थांबेल आणि फोनवर आकडा बघेल, एवढ्या कामाला मात्र ते उत्तम. डबा न उघडता सेटिंग बदलता येतं, आणि भर पावसात ही फार मोठी सोय आहे.

कातळावरच्या बागेला लोराच. हिशेब करून बघा. 100 मीटर मोकळ्या हवेत 2.4 गिगाहर्ट्झची लहर 80 डेसिबल गमावते, 865 मेगाहर्ट्झची सुमारे 71. सीसी2530 उणे 97 डीबीएमपर्यंतचं ऐकते (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण), तर लोराची एसएक्स1276 सगळ्यात संथ वेगाला उणे 136 च्या आसपासचं कुजबुजणंही पकडते. ओल्या पानांना द्यायला एवढी शिल्लक दुसऱ्या कशातच नाही. किंमत वेगाची मोजावी लागते. झिगबी सेकंदाला अडीच लाख बिट पाठवतं, संथ लोरा तीनशेच्याही आत. दहा-बारा बाइटचा निरोप जायला सेकंदभर लागतो. ओल, तापमान, टाकीची पातळी यांना तेवढं पुष्कळ झालं. कॅमेरा हवा असेल तर लोरा विसरा.

मॉड्यूल घेताना 865 ते 868 मेगाहर्ट्झचंच मागा. आपल्याकडे विनापरवाना वापराला हा पट्टा खुला आहे. 915 चं मॉड्यूल स्वस्तात मिळतं, ते इथे चालवायचं नाही. विकण्यासाठी उपकरण बनवणार असाल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची मान्यताही घ्यावी लागेल.

अँटेना कुठे लावायची हे झाडं ठरवतात. माडा-पोफळीच्या आगरात पानं वर आणि खाली नुसती खोडं, तर अँटेना झावळ्यांच्या खाली ठेवा. हापूसच्या कलमांचा घेर खाली टेकलेला असतो, तिथे बांबू किंवा पाइप उभारून शेंड्यांच्या वर न्या. दोनशे मीटरच्या जोडणीत मध्यावर 865 मेगाहर्ट्झला सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंना चार-चार मीटरची जागा मोकळी हवी. सगळी मिळणार नाही, पण निम्म्याहून जास्त मिळवाच. दोन्ही अँटेना उभ्याच ठेवा. पंपाच्या पत्र्याच्या पेटीत अँटेना कोंबू नका.

खाऱ्या हवेचं वेगळं दुखणं. गेल्या वर्षी समुद्राजवळच्या आगरातला एक डबा उघडला तर अँटेनाच्या पितळी जोडावर हिरवट खार फुटला होता, आणि आत झाकणाला दवाचे थेंब लोंबत होते. डबा पाणीबंद होता तरी. दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन तो रबरातून दमट हवा ओढून घेतो. आता मी बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) देतो, केबलचा ग्लँड (वायर आत घेणारं पाणीबंद तोंड) तळाला घेतो, वायरीला खाली झोळ देतो, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आणि जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी) ताणून गुंडाळतो. डब्यात बसवल्यावर अँटेनाचा सूर थोडा सरकतो, म्हणून नॅनोव्हीएनए या अँटेना तपासण्याच्या छोट्या यंत्रावर ती डब्यासकट तपासायची.

चाचणी अशी करा. पाठवणारा दर मिनिटाला फक्त चढता आकडा पाठवेल. घेणारा आकडा, वेळ, सिग्नलची ताकद आणि गोंगाटाशी प्रमाण लिहून ठेवेल. कुठला आकडा गळला ते लगेच दिसतं. कोरड्यात, घेणाऱ्याच्या ऐकण्याच्या मर्यादेवर किमान 20 डेसिबल शिल्लक दिसली तरच जागा पावसातल्या चाचणीसाठी पक्की समजा. टेबलावर दोन मॉड्यूल केबलने जोडून बघायचे असतील तर मधे अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल दाबणारा तुकडा, हवाच, नाहीतर घेणारा जळू शकतो. एक मॉड्यूल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे हवेतून होणारी गळती कमी होते. अँटेना न लावता मात्र कधीच पाठवू नका.

दोन मॉड्यूलांच्या खर्चात एवढं सगळं कळतं. मृगाच्या आधी दोन्ही डबे जागेवर टांगा आणि आर्द्रा संपेपर्यंत नोंद चालू ठेवा. बाकीची खरेदी त्यानंतर.