वंशावळ तयार करून देणारी सेवा : चौदा पिढ्यांच्या तक्त्यात शिरलेली एक जादा पिढी

आमच्या पाटीलकीच्या वतनाचे जुने मोडी कागद गेल्या वर्षी आम्ही वंशावळ तयार करून देणाऱ्या एका खासगी संस्थेकडे सोपवले. सात महिन्यांनी चौदा पिढ्यांचा छापील तक्ता हाती आला आणि त्याबरोबर प्रत्येक कागदाचे छायाचित्र व ओळीला ओळ लावलेले देवनागरी लिप्यंतर असलेली जाडजूड फाइल आली. शुल्क २२,००० रुपये होते. ही फाइल इतक्या निगुतीने केलेली आहे की केवळ तिच्यासाठीही मी हे पैसे पुन्हा मोजेन; तक्त्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

तक्त्यात मूळ पाटील, त्यांचे चिरंजीव आणि आजोबांचेच नाव लावणारा नातू अशा सलग तीन पिढ्या दाखवल्या होत्या. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघर असल्यामुळे प्रथम कोणालाच शंका आली नाही. परंतु या नातवाचा एकमेव पुरावा म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील एक कालगणना) १०९५, म्हणजेच इ. स. १६९४-९५ चा म्हणून वाचलेला एक महजर (पंचांसमक्ष झालेल्या निवाड्याचा कागद) होता, आणि त्याचे छायाचित्र भिंगाखाली धरल्यावर सनाच्या शब्दांत ‘तिसैन’ नसून ‘सितैन’ असल्याचे स्वच्छ दिसले. सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहीत असत. त्यात सितैन म्हणजे साठ आणि तिसैन म्हणजे नव्वद. मोडीत इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसल्याने ‘सी’ आधी की ‘ती’ आधी एवढ्यावरच सगळे ठरते, आणि येथे अक्षरांची ही अदलाबदल तब्बल तीस वर्षांना पडली. ‘खमस सितैन व अलफ’ म्हणजे पाच, साठ व हजार, अर्थात १०६५, आणि त्यात ५९९ मिळवले की १६६४-६५ हे वर्ष येते. म्हणजे महजरावरचे पाटील हे नातू नव्हेत, मूळ आजोबाच होत. मुलाच्या नावाचा कौलनामा (सरकारने दिलेले अभयपत्र) शके १६०१ चा, म्हणजे इ. स. १६७९-८० चा असल्यामुळे त्याच्यानंतर पंधरा वर्षांनी वडिलांची सही कशी, हा पेच संस्थेच्या मोडी वाचकाला पडला असणार. पण कागद पुन्हा वाचण्याऐवजी त्याने एक माणूसच नवा निर्माण केला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुष्टीसाठी आम्ही नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांकडे गेलो. कौलनाम्यातील पाटलांच्या मुलाने तेथील वहीत लिहून दिलेल्या लेखात स्वतःचे नाव, बिन (म्हणजे ‘चा मुलगा’) वडिलांचे, बिन आजोबांचे अशी सरळ साखळी आहे आणि मध्ये कोणी दुसरा नाही. यात्रेकरूने आपल्या पूर्वजांची नावे स्वतः सांगितलेली असल्याने पितृत्वाच्या बाबतीत मी या वहीला पुढे कित्येक वर्षांनी लिहिलेल्या कैफियतीपेक्षा (घराण्याच्या लेखी हकिगतीपेक्षा) अधिक वजन देतो.

शकाच्या रूपांतरातही तक्त्यात सरसकट ७८ मिळवले होते. चैत्रापासून पौषाच्या मध्यापर्यंत ते ठीक असते, पण त्यापुढच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. जेधे शकावलीने (जेधे घराण्याकडील तारीखवार नोंदींनी) दिलेली शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही आहे; तिला ७८ लावले तर १६२९ येते, आणि खरी तारीख तर १९ फेब्रुवारी १६३०. आमच्या तक्त्यातील माघ-फाल्गुनाच्या चार तारखा अशाच एकेका वर्षाने मागे गेल्या होत्या.

सर्वांत नाजूक प्रश्न अठराव्या शतकातील एका पुरुषाचा होता. शके १६६१ च्या कागदात त्याला वतनदाराचा पुतण्या म्हटले आहे आणि शके १६७४ च्या कागदात पुत्र. संस्थेने दुसरा कागद ग्राह्य धरून त्याला औरस पुत्र ठरवले आणि पहिल्याच्या लिप्यंतराखाली ‘लेखकाची चूक’ असा शेरा मारला. माझ्या मते दोन्ही कागद खरे असू शकतात, कारण दत्तविधानानंतर पुतण्या हा पुत्रच होतो आणि त्यानंतरच्या कागदांत त्याला तसेच लिहिले जाते. दत्तपत्र सापडलेले नाही. म्हणून जनक पिता आणि दत्तक पिता या दोघांकडेही तुटक रेघ काढून तेथे दोन्ही शक लिहावेत, एवढीच माझी विनंती होती. ज्ञानदेवांचा जन्मशक ११९३ की ११९७, हे दोन्ही पक्ष अभ्यासक शेजारी शेजारी मांडतात, तर पाटलाच्या घराण्याला शंका लपवण्याची गरज का भासावी?

तक्रारीनंतर संस्थेने जादा पिढी काढली, तारखा दुरुस्त केल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मात्र दोन महिने लागले आणि तुटक रेघेसाठी तीनदा पत्र लिहावे लागले. ज्यांच्या घरात मोडी वाचणारे कोणी नाही, त्यांनी लिप्यंतरासाठी ही सेवा निःशंकपणे घ्यावी, पण तक्ता छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक नावासमोर त्याच्या पुराव्याचा फाइलमधील पानक्रमांक लिहून मागावा. आमच्या दुसऱ्या तक्त्यात तो आहे, पिढ्या तेरा आहेत, आणि शके १६६१ च्या कागदाखालचा तो शेरा आता नाही.